रोपिलेल्या दाताची निगा : दंत आरोग्यकाचे काम आणि आपले काम

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात पहाटे पाच वाजता घंटा होई. अंधारातच आम्ही मुले नळाजवळ रांगेने उभी राहत असू. एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात कडुलिंबाची काडी. गुरुजी कंदील घेऊन रांगेतून फिरत आणि प्रत्येकास दात दाखवावयास लावीत. ज्याचे दात नीट घासलेले नसत त्याला रांगेच्या शेवटी पुन्हा उभे राहावे लागे. त्या वेळी ही शिस्त आम्हांस जाच वाटे. पुढे मुंबईस जाऊन आम्ही दंत आरोग्यकाचे शिक्षण घेतले आणि धुळे व जळगाव येथील दवाखान्यांत लोकांचे दात स्वच्छ करणे हाच आमचा व्यवसाय झाला. गुरुजींनी कंदिलाच्या उजेडात जे पाहिले तेच आज आम्ही दवाखान्यातील दिव्याच्या उजेडात पाहत आहोत.

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख लिहावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही मुद्दाम हा विषय निवडला. आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक, लिपिक, अभियंते, परिचारिका म्हणून स्थिरावले आहेत. ज्या आईवडिलांनी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून आणि केळीचे घड वाहून मुलांना शिकविले, त्यांचे पडलेले दात पुन्हा बसवून द्यावेत असे या मुलांना वाटते. भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या वडिलांना कळण्याची भाकरी आणि ठेचा पुन्हा चावून खाता यावा ही इच्छा रास्तच आहे. त्यासाठी आता काढघालीच्या कवळीऐवजी जबड्याच्या हाडात बसविलेले दात, म्हणजे 'इम्प्लांट', करून घेतले जातात. आपल्याकडे त्यास 'स्क्रूचे दात' असे म्हणतात. खर्च मोठा असतो, पण तो आनंदाने केला जातो. मात्र दात बसल्यानंतर त्यांचे काय करावयाचे, हे पुष्कळ घरांत कोणालाच ठाऊक नसते.

असेच एक निवृत्त वाहनचालक काका काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. निवृत्तीच्या रकमेतून त्यांनी खालच्या जबड्यात दोन दात रोपून घेतले होते. तीन वर्षे ते कोठेही तपासणीस गेले नव्हते. "धातूच्या दाताला कीड लागत नाही, मग दाखवायचे कशाला?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. दुखत नव्हते, पण सकाळी उशीवर रक्ताचा डाग दिसे आणि तोंडाला वास येई. आम्ही हिरडीवर हलकेच बोट दाबले तेव्हा दाताच्या कडेने पू आला. क्ष-किरण चित्रात एका दाताभोवतीचे निम्म्याहून अधिक हाड झिजलेले दिसले. तो दात काढावाच लागला. दुसरा वाचला. काका जाताना एवढेच म्हणाले, "बसवताना कोणी हे सांगितले असते तर रोज पाच मिनिटे दिली असती की!" त्या वाक्यासाठी हा लेख आहे.

दंतकाष्ठाची शिकवण

दात स्वच्छ ठेवणे ही आपल्या परंपरेत क्षुल्लक गोष्ट मानलेली नाही. भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ, म्हणजे दात घासण्याची काडी, वापरण्याची अनुज्ञा दिली, याची नोंद विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. काडी चावण्याचे पाच लाभ तेथे सांगितले आहेत. तोंडास दुर्गंधी येत नाही आणि अन्नाची रुची लागते, हे त्यांतील दोन. त्याहून लक्षणीय भाग काडीच्या मापाचा आहे. काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नसावी आणि चार अंगुळांपेक्षा आखूड नसावी असा नियम पुढे घातला गेला. फार आखूड काडी एका भिक्खूच्या घशात गेली, हे त्यामागील कारण. सातव्या शतकात नालंदा येथे राहून गेलेला चिनी भिक्खू इत्सिंग यानेही भारतीय विहारांतील दंतकाष्ठाच्या वापराचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे.

स्वच्छतेची इच्छा पुरेशी नसते. कोणते साधन, केवढे, कोणत्या जागी आणि कसे वापरावे याचेही शास्त्र असते, हे या नियमांत दिसते. रोपिलेल्या दाताच्या बाबतीत तर हेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

रोपिलेला दात म्हणजे काय?

१९५२ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेली टायटॅनियम धातूची उपकरणे प्रयोगानंतर बाहेर निघेनात. हाड आणि धातू एकमेकांस इतके घट्ट धरून बसले होते की ते वेगळे करणे अशक्य झाले. या अडचणीतच त्यांना शोध सापडला. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभे केले. ते दात चाळीस वर्षांहून अधिक काळ, लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, टिकले. नीट निगा राखल्यास रोपिलेला दात किती काळ साथ देऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अशा दाताचे तीन भाग असतात. हाडात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू हा पहिला. त्यावर हिरडीतून वर येणारा जोडखुंट हा दुसरा. त्यास 'अबटमेंट' म्हणतात. सर्वांत वर जी टोपी बसते आणि आपल्याला दात म्हणून दिसते, ती तिसरा भाग. स्क्रू बसविल्यानंतर हाड त्याला धरून येण्यास साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात.

नैसर्गिक दाताहून तो वेगळा का?

रोपिलेला दात किडत नाही हे खरे आहे. परंतु एका बाबतीत तो नैसर्गिक दातापेक्षा दुबळा असतो.

नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा बारीक पदर असतो. या पदरातून रक्तपुरवठा होतो, चावताना बसणारा दाब जाणवतो आणि काही बिघडले तर वेदनाही कळते. हिरडीचे तंतूही दाताच्या मुळात शिरून त्यास शिवल्यासारखे धरून ठेवतात. त्यामुळे तोंडातील जंतूंना खाली उतरणे सहज जमत नाही.

रोपिलेल्या दाताला हा पदर नाही. अंगणातील कडुलिंब आणि गोठ्यातील खुंटा दोन्ही जमिनीत घट्ट उभे असतात, पण खुंट्याला मुळे नसतात. तसेच हे आहे. हिरडीचे तंतू त्या धातूत शिरत नाहीत, ते पिशवीच्या तोंडाला ओढलेल्या नाडीप्रमाणे त्याच्याभोवती केवळ वेढा घालतात. नाडी सैल झाली की पिशवीचे तोंड उघडते, त्याप्रमाणे सूज आली की जंतूंना हाडापर्यंत वाट मिळते. रक्तपुरवठा कमी असल्याने शरीराचा प्रतिकारही तेथे तोकडा पडतो आणि वेदना उशिरा जाणवते. म्हणून 'दुखेल तेव्हा दाखवू' हा आपला नेहमीचा विचार येथे घातक ठरतो.

रोगाच्या दोन पायऱ्या

दातांवर रोज जमणारा चिकट, पांढुरका थर म्हणजे 'प्लाक'. तो जंतूंचाच थर असतो. तो तसाच राहिला तर लाळेतील क्षारांमुळे टणक होऊन त्याचे कीटण बनते. हा थर रोपिलेल्या दाताभोवती साचला की प्रथम हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते. या अवस्थेत फक्त हिरडी आजारी असते, हाड शाबूत असते. ही पहिली पायरी. वेळीच स्वच्छता केली तर येथून परतता येते.

दुर्लक्ष झाल्यास सूज हाडापर्यंत पोहोचते आणि हाड झिजू लागते. पू येतो, दुर्गंधी येते, धातूचे आटे उघडे पडतात. यास 'पेरि-इम्प्लांटायटिस' म्हणतात. ही दुसरी पायरी. येथे उपचार अवघड, खर्चिक आणि बेभरवशाचे असतात, कधी शस्त्रक्रिया करावी लागते. गेलेले हाड पूर्ववत येईलच असे सांगता येत नाही. शेवटी स्क्रू हलू लागला तर तो काढण्यावाचून उपाय उरत नाही.

या दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहणे हेच दंत आरोग्यकाचे काम आहे.

दंत आरोग्यक काय करतो?

तपासणीस आलेला रुग्ण खुर्चीवर बसला की आम्ही लगेच हत्यार उचलीत नाही. प्रथम विचारपूस करतो. मधुमेह आहे का, साखर आटोक्यात आहे का, हाडांसाठी किंवा रक्त पातळ राहण्यासाठी काही औषधे चालू आहेत का, तंबाखू, विडी, मशेरी यांची सवय आहे का. हे प्रश्न दटावण्यासाठी नसतात. खोटे उत्तर मिळाले तर नुकसान रुग्णाचेच होते, म्हणून तो मोकळेपणाने बोलेल अशा रीतीनेच ते विचारावे लागतात.

त्यानंतर डोळ्यांनी पाहणी. हिरडीचा रंग, सूज, दाताच्या कडेला साचलेले अन्न. मग बोटाने हिरडी हलकेच दाबून पू येतो का ते पाहतो. टोपी हलते का हेही तपासतो. टोपी हलली म्हणजे दात गेला असे मात्र नव्हे. पुष्कळदा आतील लहान स्क्रू सैल झालेला असतो आणि दंतवैद्य तो पुन्हा आवळून देतात. हाडातील स्क्रूच हलत असेल तर गोष्ट गंभीर.

पुढे टोकाला खुणा असलेली बारीक पट्टी हिरडी आणि दात यांच्यामधील फटीत घालून खोली मोजली जाते. हा दाब अगदी हलका, सुमारे पंचवीस ग्रॅम वजनाइतकाच, असावा लागतो. शिकत असताना आम्ही वजनकाट्यावर हा दाब पुन्हा पुन्हा देऊन हात बसविला होता. मोजमाप करताना रक्त आले का, आणि मागील वेळेपेक्षा खोली वाढली का, या दोन नोंदी सर्वांत मोलाच्या. केवळ एका आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, मागचा आकडा हाताशी असावा लागतो. म्हणून टोपी बसविल्यावर पहिली मोजमापे आणि पहिले क्ष-किरण चित्र घेऊन ठेवणे आवश्यक असते. वर्षभराने दुसरे चित्र घेऊन हाडाची पातळी ताडून पाहिली जाते. पहिल्या वर्षी हाड थोडेसे बसते, ते स्वाभाविक आहे. त्यानंतर मात्र दरवर्षीची झीज मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असावी, असा संकेत १९८६ पासून मान्यता पावलेला आहे.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष स्वच्छता सुरू होते. येथे साधनांची निवड महत्त्वाची. नैसर्गिक दातांवरील कीटण आम्ही पोलादी हत्यारांनी काढतो. तेच हत्यार टायटॅनियमवर फिरविले तर ओरखडे पडतात. घरात कल्हई केलेले पातेले विटेच्या चुऱ्याने घासत नाहीत, कारण एकदा चरा पडला की त्यात मळ धरू लागतो. येथेही तसेच आहे. ओरखड्यांत जंतूंना बसावयास जागा मिळते आणि स्वच्छतेनेच पुढच्या अस्वच्छतेची सोय होते. म्हणून रोपिलेल्या दातासाठी टायटॅनियमचीच, कार्बन तंतूची किंवा विशिष्ट प्लास्टिकची हत्यारे वापरतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी. प्लास्टिकचे हत्यार धातूस इजा करीत नाही, पण टणक कीटण त्याने पुरते निघत नाही आणि क्वचित त्याचेच कण मागे राहतात. टायटॅनियमचे हत्यार कीटण चांगले काढते, पण हात हलका लागतो. कंपनाने कीटण सोडविणाऱ्या यंत्रालाही अशा वेळी प्लास्टिकचे आवरण असलेले टोक लावावे लागते.

मऊ थर काढण्यासाठी आता पाणी, हवा आणि अतिशय बारीक भुकटी यांचा फवारा वापरतात. ही भुकटी ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांची असते. तिच्याने थर निघतो, धातू ओरखडत नाही. फवाऱ्याची तोटी एका जागी रोखून धरावयाची नसते, नाहीतर हवा हिरडीखालील पेशींत शिरून सूज येऊ शकते. शेवटी रबराच्या मऊ टोपीने आणि बारीक लेपाने पृष्ठभाग गुळगुळीत करतात. हिरडीखाली टोपी चिकटविण्याच्या सिमेंटचा कण राहिला असेल तर तोही शोधून काढावा लागतो. डोळ्यांस न दिसणारा हा कण पुष्कळदा सततच्या सुजेचे मूळ असतो.

हे सारे करताना हत्यारे निर्जंतुक असलीच पाहिजेत. दाबाखालील वाफेच्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअस तापमानास पंधरा मिनिटे किंवा त्याहून अधिक तापमानास थोडा कमी वेळ, अशी त्याची रीत आहे. आपल्यासमोर बंद पाकीट फोडून हत्यारे काढली जात आहेत ना, हे पाहण्याचा आणि विचारण्याचा प्रत्येक रुग्णास अधिकार आहे. चांगला दवाखाना या प्रश्नाने रागावत नाही.

अखेरचे काम शिकविण्याचे. रंगीत द्रव लावून कोठे थर राहिला ते आम्ही आरशात दाखवितो आणि रुग्णाच्याच हातात ब्रश देऊन घासावयास लावतो. आम्ही वर्षातून दोन-चार वेळा दात स्वच्छ करतो, उरलेले सारे दिवस रुग्णाचे असतात. हा भाग घाईत उरकला तर बाकीची मेहनत वाया जाते.

घरी घ्यावयाची काळजी

१. दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने दात घासावेत. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून लहान लहान फेऱ्यांनी फिरवावा. रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये.

२. दोन दातांमधील फटींसाठी बारीक बाटली-ब्रशसारखा दिसणारा ब्रश मिळतो. त्याची तार प्लास्टिकने मढविलेली असावी, उघडी धातूची नसावी. आपल्या फटीचे माप दवाखान्यातून ठरवून घ्यावे.

३. दोरा वापरावयाचा झाल्यास अशा दातांसाठी मिळणारा जाड, स्पंजसारखा दोरा घ्यावा. वापरल्यावर तो पाहावा. दोरा फाटून तंतू निघालेले असतील तर एखादा तंतू आत अडकला असण्याचा संभव असतो. तो आत राहिल्यास हिरडी सुजते.

४. मशेरी, राखुंडी, कोळशाची पूड, विटेची पूड, मीठ यांनी रोपिलेले दात घासू नयेत. कडुलिंबाची काडी मऊ चावून हलक्या हाताने फिरविण्यास हरकत नाही, पण तिने फटी साफ होत नाहीत. ती ब्रशच्या जोडीला असावी, ब्रशऐवजी नव्हे.

५. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दंतवैद्यांनी सांगितल्या तेवढेच दिवस कराव्यात. दीर्घकाळ वापरल्यास दातांवर डाग पडतात आणि चव बदलते.

६. दोन स्क्रूंवर बसणारी काढघालीची कवळी असल्यास ती रोज काढून साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवावी. कढत पाणी वापरू नये, कवळी वाकडी होते. खालचे खुंटही ब्रशने स्वच्छ करावेत. कवळी सैल वाटू लागल्यास आतील नायलॉनच्या चकत्या बदलून मिळतात.

७. रक्त येणे, वास येणे, टोपी हलणे यांपैकी एकही गोष्ट दिसल्यास दुखण्याची वाट पाहू नये. रक्त येते म्हणून घासणे बंद करणे ही सर्वांत मोठी चूक होय.

वडीलधाऱ्यांचे हात थरथरत असतील, नजर कमी झाली असेल, तर मुलासुनांनी किंवा नातवंडांनी रोज रात्री त्यांचे दात पाहावेत. जाड मुठीचा ब्रश अशा हातांना सोपा जातो. ज्यांनी आपल्याला घास भरविला त्यांचे तोंड स्वच्छ ठेवण्यात कमीपणा कसला?

आपल्या भागातील अडचणी

खानदेशात तीन गोष्टी रोपिलेल्या दातांच्या मुळावर येतात. पहिली तंबाखू. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी मळलेला तंबाखू, विडी आणि मशेरी यांचा वापर सुटलेला नाही. धूम्रपानाने हिरडीतील रक्ताभिसरण मंदावते, जखम भरून येण्यास वेळ लागतो आणि हाड टिकत नाही. शिवाय रक्त कमी येत असल्याने रोग झाकला जातो. दुसरी गोष्ट मधुमेह. साखर आटोक्यात नसेल तर साधी सूजही लवकर हाडापर्यंत जाते. तिसरी गोष्ट अंतर. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, साक्री येथून एका तपासणीसाठी जळगाव किंवा धुळे गाठावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. कापसाची वेचणी चालू असेल तर कोणी येतच नाही. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही, आमच्या घरीही तसेच होते.

यावर आम्ही आमच्या रुग्णांना एक सोपी युक्ती सांगतो. निरोगी माणसाने वर्षातून किमान दोनदा तपासणी करावी. मग ती १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर यांच्या आसपास ठेवावी. या दोन तारखा आपल्या घरात कोणासही आठवण करून द्याव्या लागत नाहीत, आणि त्यांच्यामध्ये बरोबर सहा महिन्यांचे अंतर आहे. ज्यांना मधुमेह आहे, तंबाखूची सवय आहे किंवा पूर्वी हिरड्यांच्या रोगानेच दात गेले आहेत, त्यांनी दर तीन महिन्यांनी यावे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल त्यांनी धुळ्यातील दंत महाविद्यालयातील हिरड्यांच्या रोगांच्या विभागात चौकशी करावी. दात बसवून घेण्यापूर्वीच 'पुढील तपासणी कोठे, किती वेळा आणि किती खर्चात?' हे विचारून घ्यावे. स्क्रू कोणत्या कंपनीचा व कोणत्या मापाचा आहे याचे कार्ड मागून ते रेशनकार्डाइतकेच जपून ठेवावे. गाव बदलले, दवाखाना बदलला, तरी त्या कार्डावरून पुढच्या माणसास योग्य भाग मागविता येतात.

स्वच्छतेचे काम आणि त्याची प्रतिष्ठा

शेवटी माजी विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या मुलांशी थोडे बोलावयाचे आहे. आम्ही हे शिक्षण घेतले तेव्हा गावातील एका जाणत्या माणसाने विचारले होते, "एवढे शिकून लोकांची तोंडेच साफ करायची का?" त्या प्रश्नात काय होते ते आम्हांस कळले होते, आणि हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांसही कळेल. आपल्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या साफसफाई लादली गेली आणि ती करणाऱ्यास हीन ठरविले गेले. त्यामुळे 'साफ करणे' या शब्दाशीच आपला मनात झगडा असतो. तो झगडा रास्त आहे. परंतु लादलेले काम आणि शिकून, निवडून, कायद्याने मिळालेल्या अधिकाराने केलेले काम यांत अंतर आहे.

१९०६ मध्ये अमेरिकेतील ब्रिजपोर्ट या गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या साहाय्यक आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले. त्या जगातील पहिल्या दंत आरोग्यक मानल्या जातात. १९१३ मध्ये फोन्स यांनी त्यासाठी शाळा काढली. तेथे शिकलेल्या स्त्रिया गावातील शाळांत जाऊन मुलांचे दात स्वच्छ करू लागल्या. भारतात १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्यांबरोबरच दंत आरोग्यकांचीही नोंदणी ठरविली. बारावी विज्ञान शाखेनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम आहे आणि शिक्षणानंतर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करावी लागते. दंतवैद्यांच्या देखरेखीखाली हे काम चालते. आपल्या भागात शिक्षित दंत आरोग्यक फार थोडे आहेत. बहुतेक ठिकाणी दंतवैद्यच हे काम करतात, आणि शस्त्रक्रियेच्या गर्दीत शिकविण्याचा भाग मागे पडतो. रोपिलेल्या दातांची संख्या वाढेल तशी त्यांची निगा राखणाऱ्यांचीही गरज वाढणार आहे. डॉक्टर होण्याची संधी हुकलेल्या मुलामुलींनी या वाटेचा जरूर विचार करावा. नोंदणी करण्यापूर्वी महाविद्यालयास मान्यता आहे ना, एवढे पाहावे.

ते काका अजूनही येतात. वाचलेला दुसरा दात शाबूत आहे. एप्रिलमध्ये आले तेव्हा त्यांनी खिशातून बारीक ब्रश काढून दाखविला आणि तोंड उघडण्यापूर्वी म्हणाले, "आधी हा पाहा, मग दात पाहा." आम्हांस वसतिगृहातील नळ आठवला, आणि कंदील घेऊन रांगेतून येणारे गुरुजी. त्यांनी आमचे दात पाहिले म्हणून आज आम्ही दुसऱ्यांचे पाहू शकतो. हे ऋण फेडण्याची एक साधी रीत आहे. हा लेख वाचून झाल्यावर आज रात्री घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे, दिवा जवळ घ्यावा आणि म्हणावे, "आई, जरा दात दाखव."